शेड, शॅडो आणि सोलापुरी चादर

सोलापूरच्या मे महिन्यात शेड आणि शॅडो यातला फरक शिकवायला मास्तर लागत नाही. पारा 43 ला टेकलेला असतो, सात रस्त्याच्या सिग्नलला पुढं जागा मोकळी असली तरी गाडीवाले मागंच, जिथं झाडाची फांदी आलीय तिथं थांबतात, ती शेड. अन् भर बाराला आपल्याच पायाखाली चपलेएवढं काळं काहीतरी पडलेलं असतं ती शॅडो, तिचा उन्हात काडीचा उपयोग नाही. आपण दोन्हीला सावलीच म्हणतो. इंग्रजीतही हा मुळात एकच शब्द होता बरं का. जुन्या इंग्रजीत विभक्तीप्रमाणं शब्दाचं रूप बदलायचं, त्यातल्या एका रूपाचं शेड झालं, दुसऱ्याचं शॅडो, आणि मग सख्ख्या भावांनी वाटण्या कराव्यात तसे त्यांनी अर्थ वाटून घेतले, गारवा एकाकडं अन् आकार दुसऱ्याकडं.

हे सगळं डोक्यात शिरलं ते भाचीमुळं. ती बँकेच्या परीक्षेची तयारी करतेय आणि तिच्याकडं क्लासची एक वही आहे, इंग्रजी शब्दांच्या जोड्यांची, समोर मराठी अर्थ. परवा म्हणाली, "ओ मामा, सी, लूक, वॉच तिन्हीपुढं बघणे लिहिलंय, मग फरक काय ते सांगा की ओ."

आता ज्यानं कुणी तिन्हीपुढं बघणे लिहिलं त्यानं मराठीवर अन्याय केलाय असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याकडं दिसणं वेगळं, बघणं वेगळं आणि बघत बसणं तर त्याहून वेगळं. सिद्धेश्वर तलावाच्या बाजूनं जाताना किल्ल्याची तटबंदी आपोआप नजरेला पडते, दिसते, ते सी. शेजारचा म्हणतो ते बघ ते बघ आणि आपण मान वळवतो ते लूक. गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर शोभेचं दारूकाम सुरू होतं आणि पोरं खांद्यावर घेऊन माणसं मान वर करून शेवटपर्यंत बघत राहतात ते वॉच, कारण पुढं काय होतंय याकडं लक्ष असतं. हिअर आणि लिसनचं तसंच, ऐकू येणं अन् ऐकणं. आई चार हाका मारते तेव्हा आपल्याला हिअर झालेलं असतं, लिसन केलेलं नसतं. फक्त थिएटरात जाऊन पिक्चर सी करतात आणि घरी टीव्ही वॉच करतात, तिथं फार डोकं लावायचं नाही, त्यांची तशी पद्धत आहे.

से आणि टेलमध्ये मात्र मराठीच आपल्याला खड्ड्यात घालते. म्हणणे आणि सांगणे हे आपल्याकडं अगदी नीट वेगळे आहेत, पण आपण तो मला म्हणाला असंही म्हणतो आणि त्यानं मला सांगितलं असंही म्हणतो, दोन्हीकडं 'मला' हा शब्द चालतो. इंग्रजीत टेलला माणूस लगेच चिकटतो, ही टोल्ड मी, सेला मात्र मध्ये टू घालावा लागतो. म्हणून ही सेड मी हे वाक्य आख्ख्या महाराष्ट्रात ऐकायला मिळतं, आणि ते बोलणाऱ्याला इंग्रजी येत नाही असं कुणी म्हणलं की मला राग येतो, त्याला मराठी पक्की येते म्हणून तर तो तसं बोलतोय.

बॉरो आणि लेंडचा गोंधळ पण असाच आपल्या घरातला. आपण उसनं घेतो आणि उसनं देतो, उसनं हा शब्द तोच राहतो, फक्त घे अन् दे बदलतं. इंग्रजीत घेणाऱ्याचं क्रियापद वेगळं आणि देणाऱ्याचं वेगळं, म्हणून पोरं मला पेन बॉरो दे म्हणून मोकळी होतात. पण उसनं आणि उधारी यात आपण जो फरक करतो, वाटीभर साखर शेजारणीकडनं उसनी अन् महिन्याचा किराणा दुकानातनं उधार, तो बॉरोला एकट्याला झेपत नाही, दुकानासाठी त्यांना क्रेडिट आणावं लागतं.

आता आपल्या धंद्याचं. सोलापुरी चादर ऑनलाइन विकायला ठेवणारे तिला कधी बेडशीट म्हणतात, कधी ब्लँकेट, आणि मला दोन्ही पटत नाही. शीट म्हणजे पातळ अन् सपाट, कागदाची पण शीट आणि पत्र्याची पण शीटच. ब्लँकेट म्हणलं की डोळ्यापुढं लोकर येते, हा शब्द फ्रेंचमधल्या पांढऱ्यावरनं आलाय, आधी तो बिनरंगाच्या लोकरी कापडाला वापरायचे. क्विल्ट म्हणजे थर घालून टाके मारलेलं, म्हणजे आपली वाकळ जवळची. अन् आपली चादर? जाड सुती, जकार्ड मागावर विणलेली नक्षी, उन्हाळ्यात गच्चीवर अंथरायची, डिसेंबरात दुहेरी करून पांघरायची. एकाच इंग्रजी शब्दात ती मावत नाही. जीआय टॅगमधली, म्हणजे भौगोलिक मानांकनातली नावं बघा, इंग्रजीत लिहिताना पण एक सोलापुरी चादर आहे आणि दुसरं सोलापूर टेरी टॉवेल. टॉवेलला इंग्रजी चाललं, चादरीला चादरच ठेवावं लागलं. मला तर हे वाचून बरंच वाटलं.

टॉवेलचा धाकटा नॅपकिन. आपल्याकडं नॅपकिन म्हणजे हातरुमालापेक्षा मोठा, टॉवेलपेक्षा छोटा, बेसिनजवळ लटकणारा. तिकडं तो जेवताना मांडीवर घ्यायचा, आणि बऱ्याचदा कागदाचा. नॅपकिन कापडाच्या ज्या फ्रेंच शब्दावरनं आला, त्याच शब्दावरनं एप्रन पण आलाय, पहिल्यांदा नेप्रन होता, अ नेप्रन अ नेप्रन करता करता न मागच्या शब्दाला जाऊन चिकटला आणि ॲन एप्रन झालं.

भाचीच्या वहीत शेवटी हिस्टॉरिक आणि हिस्टॉरिकल होतं, दोन्हीपुढं ऐतिहासिक. इतिहासाशी संबंध असला की हिस्टॉरिकल, इतिहासात महत्त्वाचं ठरलं की हिस्टॉरिक. मी तिला आपल्या गावचंच उदाहरण दिलं. 12 मे 1930 ला इंग्रजांनी सोलापुरात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा लावला, पुढं 12 जानेवारी 1931 ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चार स्वातंत्र्यसैनिकांना येरवड्यात फाशी दिलं. त्या काळचे सरकारी कागद, कुणी किती जपून ठेवलेत ते सगळे, हिस्टॉरिकल. लोकांनी तेव्हा इंग्रजांविरुद्ध जे केलं ते हिस्टॉरिक.

तिनं हे लिहून घेतलं, मग पेन थांबवून विचारलं, "पण ऑप्शनमध्ये दोन्ही आले तर मामा?"

मी म्हणलं, मग रिकाम्या जागेच्या पुढचा शब्द बघ. मोमेंट, डिसिजन, व्हिक्टरी असलं तर हिस्टॉरिक, नॉव्हेल, डेटा, रेकॉर्ड असलं तर हिस्टॉरिकल. अन् बिल्डिंग आली तर ओळखायला अवघड, तो प्रश्न सोडून दे, निगेटिव्ह मार्किंग असतंय.