तुम्ही विचारलंत म्हणून: कॅमेरा आमच्याकडे का?

"गवई समोर बसलेत आणि तुमचा कॅमेरा आमच्याकडे. असं का हो?" गाण्याची बैठक संपून चहा घेताना हा प्रश्न मला श्रोत्यांपैकी कुणी ना कुणी विचारतंच. चहा संपेपर्यंत सांगून होईल इतकं ते सोपं नाही, म्हणून एकदा नीट लिहून काढते.

मी मिरजेची. घर चालतं ते लग्नं, मुंजी आणि पासपोर्टच्या फोटोंवर. बैठकीच्या फोटोंचे मी पैसे घेत नाही. मिरज गाण्याचं गाव. अब्दुल करीम खाँसाहेब इथेच स्थायिक झाले. १९३७ साली ते गेले, त्यांची कबर दर्ग्याच्या आवारात आहे आणि उरुसात तिथे हजेरी लावायला आजही मोठमोठे कलावंत येतात. पण मी सांगतेय ते त्या मोठ्या सभेबद्दल नाही. आमचा हॉल साठ-सत्तर माणसांत भरतो. खाली सतरंज्या, वर चार एलईडी दिवे, आणि भिंतीला टेकायला मिळावं म्हणून अर्धा तास आधी येणारी नेहमीची मंडळी.

पहिली दोन वर्षं मीही फक्त गवयांचेच फोटो काढले. घरी येऊन बघावं तर सगळे सारखेच. डोळे मिटलेले, तोंड उघडं, एक हात वर. राग मारवा गायला होता की मालकंस, मलाच सांगता येईना. मग एका रात्री बाजूला बसायला जागा मिळाली आणि एका फोटोच्या कोपऱ्यात तीन श्रोते आले. तिघांचे हात एकाच उंचीवरून खाली येत होते, तिघांच्या माना एकाच बाजूला कललेल्या. तिघं एकमेकांना ओळखतही नव्हते. त्या फोटोत मला सम दिसली, म्हणजे तालाची पहिली मात्रा, जिथे गाणं आणि तबला एकत्र येऊन पोचतात. गाण्याचा फोटो मी पहिल्यांदा काढला तो हा.

तेव्हापासून मी सम शिकतेय. विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या, एकतालाचं बारा मात्रांचं एक आवर्तन कधी कधी मिनिटभरसुद्धा चालतं, त्यात नेमका क्षण कुठला हे कॅमेरा सांगत नाही, तबला सांगतो. दहाव्या मात्रेचा 'तिरकिट' हा बोल ऐकला की मी कॅमेरा डोळ्याला लावते. सुरुवातीला हमखास फसायची, कारण 'धागे तिरकिट' तिसऱ्या-चौथ्या मात्रेलाही येतं. मग आमच्या इथल्या तबलजींनी समजावलं: त्याच्या आधी काय वाजलं ते ऐक. 'धिं धिं' असेल तर अजून बराच अवकाश आहे, 'कत् ता' असेल तर तयार राहा. पुढे 'धी ना', गवयाचा मुखडा म्हणजे गाण्याची सुरुवातीची ओळ, आणि सम. ती ऐकून मग बोट दाबलं तर उशीर होतो. समोर मान डोलावणाऱ्याला ती आधीच ठाऊक असते, म्हणून त्याची मान बरोबर त्याच क्षणी हलते. माझं बोटही तसंच पडायला हवं. त्यासाठी मला फोटोग्राफर म्हणून नाही, श्रोता म्हणूनच बसावं लागतं.

एक चूक अजून खुपते. जुना कॅमेरा होता, शटरचा आवाज चांगला खणखणीत. आलापी चालली होती, गाणाऱ्या बाई मंद्र, म्हणजे खालच्या, सप्तकात अगदी हलक्या आवाजात षड्जाकडे, म्हणजे 'सा'कडे, उतरत होत्या, आणि मी फोटो घेतला. खटॅक! शेजारच्या आजींनी माझ्या मनगटावर हात ठेवला. बोलल्या काहीच नाहीत, पण आलाप संपेपर्यंत हात काढलाही नाही. आता माझ्याकडे बिनआवाजाचा कॅमेरा आहे, तरी आलापीत मी तो मांडीवरच ठेवते.

ज्यांना तांत्रिक उत्तर हवं असतं त्यांच्यासाठी थोडक्यात: फ्लॅश कधीच नाही. ५० एमएमची लेन्स, एफ १.८, आयएसओ ३२००, मागचा स्क्रीन बंद. बिनआवाजाच्या शटरने सुरुवातीला फोटोंवर आडवे काळे पट्टे यायचे, कारण आपल्याकडच्या विजेवर असे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात आणि कॅमेरा चित्र एकेक ओळ करून वाचतो. शटर १/१०० ठेवलं की प्रत्येक ओळीला एक पूर्ण लुकलुक मिळते आणि पट्टे जातात. तबलजींची बोटं पुसट येतात. येऊ देत.

आणि हो, परवानगी. श्रोता फोटोसाठी आलेला नसतो. बैठक संपली की ज्यांचे चेहरे ठळक आलेत त्यांना मी जाऊन दाखवते. शेवटच्या भैरवीला रडलेल्या एका गृहस्थांनी हात जोडले, "एवढा ठेवू नका." त्यांच्यासमोरच काढून टाकला. माझ्या चांगल्या फोटोंपैकी एक होता तो.

आमच्याकडे एक म्हातारे कारागीर नेमाने येतात. सतारमेकर गल्लीत आयुष्य गेलेलं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्यांच्याकडे तो विषय निघाला की ते म्हणतात, आधी वाद्यासाठी भोपळा चांगला मिळू दे. पूर्ण वेळ ते खाली मान घालून बसतात. लोक समेला दाद देतात तेव्हाही त्यांची मान हलत नाही. फक्त अंगठा तर्जनीवर अगदी हळू फिरत असतो, जवारी लावताना, म्हणजे तारेचा आवाज गुंजता करताना, तारेखालचा दोरा सरकवावा तसा. त्या बोटांचा फोटो मी मोठा करून त्यांना नेऊन दिला. त्यांनी तो खिडकीपाशी नेला, लांब धरून पाहिला, मग जवळ धरून पाहिला.

"तंबोरा कुठंय यात?"

नव्हता. मी त्यांच्या समोर बसले होते, तंबोरा माझ्या पाठीमागे होता.

पुढच्या बैठकीला मी त्यांच्या मागे जाऊन बसले. त्यांच्या कानाच्या पाळीजवळून, अगदी कडेला, तंबोऱ्याचा भोपळा आणि तारा पेलणारी घोडी दिसत होती. त्या रात्री समेची वाट बघितली नाही. गाणं सुरू व्हायच्या आधी, नुसता तंबोरा जुळत असतानाच, त्यांनी पहिल्यांदा मान वर केली.