आधी झोप, मग समुपदेशन

महामारीच्या काळात आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मानसिक आरोग्याचा विषय निघाला की हेल्पलाइन, ध्यानाचे वर्ग आणि ताणमुक्तीची व्याख्याने यांचीच चर्चा होते. हे उपाय निरुपयोगी आहेत असे मी मुळीच म्हणणार नाही. मात्र सुरुवात त्यांच्यापासून करावी, हे मला पटत नाही.

२०२० च्या सुरुवातीला, कोविडच्या साथीत, चीनमधील चांगशा येथील एका मोठ्या रुग्णालयाने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी समुपदेशनाची सोय तत्परतेने उभी केली, पण अनेकांनी तिच्याकडे पाठ फिरवली. परिचारिकांची चिडचिड स्पष्ट दिसत होती, तरीही ‘आम्हाला काही झालेले नाही’ असेच त्या सांगत राहिल्या. मग प्रत्यक्ष विचारपूस केली, तेव्हा खरी गरज समोर आली: मध्येच कोणी उठवणार नाही अशी विश्रांती, पुरेशी संरक्षक साधने, घाबरलेल्या रुग्णांना कसे सांभाळावे याचे प्रशिक्षण, आणि आपल्यामुळे घरच्यांना लागण होईल या भीतीतून सुटका. रुग्णालयाने त्यानंतर घरापासून वेगळे राहता येईल अशी विश्रांतीची जागा दिली, जेवणाची हमी घेतली आणि कर्मचाऱ्यांच्या दिनक्रमाचे व्हिडिओ करून ते घरी दाखवण्याचीही सोय केली. मला हा शेवटचा उपाय फार समजूतदारपणाचा वाटतो, कारण घरच्यांची काळजी थोडी कमी झाली की कामावरच्या माणसाच्या मनावरचे ओझेही तेवढेच हलके होते.

त्याच सुमारास चीनमधल्या ३४ रुग्णालयांतील १,२५७ डॉक्टर व परिचारिकांची पाहणी झाली. त्यांतील निम्म्याहून अधिक जणांत नैराश्याची लक्षणे आढळली आणि सुमारे एकतृतीयांश जणांची झोप उडालेली होती.

अर्थात, विश्रांतीने सगळेच भरून येत नाही. अतिदक्षता विभागात काम केलेली माझी एक मैत्रीण सांगते की अंगावरचे संरक्षक किट काढावे लागू नये म्हणून ती पूर्ण पाळीभर पाणी प्यायची नाही, गॉगलवर वाफ धरली की सुई टोचताना शीर नीट दिसायची नाही, पण या कशाचाही तिला आता त्रास होत नाही. त्रास होतो तो मरणासन्न रुग्णापुढे फोन धरून उभे राहण्याचा. पलीकडून मुले हाका मारत असायची आणि त्या खोलीत त्यांचे म्हणता येईल असे कोणीच नसायचे. योग्य काय ते माहीत असूनही खाटा, माणसे किंवा नियम आड आल्यामुळे ते करता आले नाही, ही बोच थकव्याहून वेगळी असते. ती सुट्टी घेऊन जात नाही, आणि समुपदेशकाची खरी गरज मला इथे दिसते.

शिवाय हा त्रास साथ ओसरल्यावरही उरतो. २००३ च्या सार्स या श्वसनविकाराच्या साथीनंतर कॅनडातील टोरांटो परिसरात १३ ते २६ महिन्यांनी केलेल्या अभ्यासात, सार्सचे रुग्ण हाताळलेल्या रुग्णालयांतील कर्मचाऱ्यांमध्ये इतर रुग्णालयांतील सहकाऱ्यांपेक्षा मानसिक ताण अधिक आढळला होता. म्हणजे मदत सर्वाधिक लागते ती नेमकी लोकांचे लक्ष उडालेले असताना. त्यातच, उपचार घेतल्याची नोंद झाली तर परवाना किंवा बढती अडेल, या धास्तीने अनेक डॉक्टर गप्प राहतात. म्हणूनच, कोणत्याही रुग्णालयाने मानसिक आरोग्याची योजना जाहीर केली की मी आधी दोन गोष्टी शोधते: पाळीचे तास कमी केले आहेत का, आणि उपचारांची माहिती वरिष्ठांपर्यंत जाणार नाही, अशी लेखी हमी दिली आहे का.