हा दगड शिवलिंग नाही

घरी कोणी आलं की पाण्याचा पेला हातात घेता घेता नजर बाबांच्या फोटोकडे जाते, मग फोटोखालच्या दगडाकडे. काळा, गोल, वीतभर उंच. "शिवलिंग आहे का हो?" शेजारच्या काकूंनी तर विचारायच्या आधीच हात जोडले होते. परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगते.

हा कोअर आहे. बोगदा खणायचा तर आधी डोंगराच्या पोटात काय आहे ते बघावं लागतं. पोकळ नळीच्या तोंडाला हिऱ्याची कणी बसवतात आणि ती फिरवत खाली घालतात. आतून दगडाचे असे दांडके निघतात, ते खोलीच्या क्रमाने लाकडी खोक्यांत मांडून ठेवतात. बाबा १९६८ साली कोयना प्रकल्पावर ज्युनिअर इंजिनिअर म्हणून लागले आणि २००३ साली निवृत्त झाले. मधली ३५ वर्षं कोयनानगर, पोफळी, अलोरे अशी कुंभार्ली घाटाच्या वर-खाली गेली. कृष्णेकडे निघालेलं पाणी सह्याद्रीच्या पोटातून कोकणात उतरवायचं, वीज काढायची आणि वाशिष्ठीला सोडून द्यायचं, असा तो सगळा खटाटोप.

दगड चोरून आणलेला नाही, हे आधी सांगते, नाहीतर बाबा फोटोतून उतरतील. ऑफिसची पेन्सिलसुद्धा त्यांनी कधी घरी आणली नाही. जीप दारात उभी असायची आणि आम्ही भावंडं अलोऱ्याच्या धो धो पावसात इरलं घेऊन शाळेला चालत. पुढे जुनी खोकी कुजली, कोअर टाकून द्यायचे ठरले, तेव्हा त्यांनी चक्क अर्ज केला : 'टाकाऊ कोअरचा एक तुकडा, लांबी सुमारे ९ इंच, घरी नेण्यास परवानगी मिळावी.' साहेबांनी हसून सही केली म्हणे. तो कागदही आहे, दाखवेन.

"कोरडा दगड काही बोलत नाही, ओला कर," बाबा म्हणायचे. पाण्याचा हात फिरवला की काळ्यावर पांढरे ठिपके उमटतात. लाव्हा थिजताना आत अडकलेले बुडबुडे पुढे खनिजांनी भरले, त्यांच्या या खुणा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या. एका टोकाला बोटभर विटकरी पट्टी आहे. तिथे एक थर संपला आणि दुसरा वाहत आला. या तांबड्या पट्टीला पाणी लागलं की ती मऊ पडते, म्हणून बोगदेवाले तिला टरकून असतात. आई मात्र कशालाच टरकत नव्हती. ती त्या दगडाने कित्येक वर्षं आलं ठेचत होती. बाबा नुसते बघायचे आणि "काळ्या टोकाने ठेच" एवढंच म्हणायचे.

आमच्या घरात पलंगाच्या डोक्याशी कपाट नाही, फळी नाही, गोदरेजचं कपाट भिंतीला लोखंडी पट्ट्यांनी आवळलेलं आहे, हेही लोक विचारतात. त्याचं उत्तर ११ डिसेंबर १९६७. पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनेला भूकंप झाला, माणसं झोपेत गेली. बाबा त्यानंतर काही महिन्यांनी तिथे गेले आणि तडे गेलेल्या धरणाला आधार द्यायच्या कामावरच त्यांची नोकरी सुरू झाली. धक्के पुढेही बसतच राहिले. पुण्यात फ्लॅट घेतल्यावर त्यांनी पहिल्यांदा सुताराला नाही, वेल्डरला बोलावलं. बिल्डरला वाटलं, म्हातारा चक्रम आहे.

कामाचं ते घरी फार बोलत नसत. एकदाच बोलले, १३ मार्च १९९९ नंतर. धरण रिकामं न करता तळ्याच्या तळाला खालून भोक पाडलं, आशियातलं पहिलं म्हणून गाजलेलं लेक टॅपिंग. आजीला काही कळेना. मग त्यांनी शहाळं आणवलं आणि उलटं धरलं. "आई, याला खालून भोक पाडायचं, आत पाणी तसंच. शेवटचा पापुद्रा ठेवायचा आणि तो सुरुंगाने उडवायचा. दगडगोटे पडायला खाली आधीच खड्डा करून ठेवायचा." आजी म्हणाली, "आणि पाणी अंगावर आलं म्हणजे?" बाबा म्हणाले, "तेवढ्यासाठीच पगार मिळतो."

या दगडाखाली एक वही दाबून ठेवलेली असते, ती कोणाला दिसत नाही. लेव्हल बुक आहे, म्हणजे इंजिनिअर लोकांची मोजमापं उतरवायची वही, चिपळूणच्या बाजारातून स्वतःच्या पैशाने घेतलेलं. इतरांच्या घरी मुलांची उंची दाराच्या चौकटीवर पेन्सिलने लिहितात. आमच्याकडे चौकट सरकारी, तिच्यावर रेघ मारायची नाही. म्हणून दर वाढदिवसाला पाठ भिंतीला टेकवून उभं करायचे, केस दाबून डोक्यावर सुताराचा गुण्या ठेवायचे, स्टीलच्या टेपने मोजायचे आणि वहीत उतरवायचे. मीटरमध्ये, दशांशापुढे तीन आकडे. क्वार्टर्स बदलल्या की वही पहिल्यांदा त्यांच्या हातातल्या पिशवीत जाई. माझी १९७९ सालची नोंद १.०८४ अशी आहे, शेऱ्यात 'टाचा उचलल्या, पुन्हा मोजले'. पुढे आमची वाढ थांबली, मग नातवंडांची पानं सुरू झाली.

ते गेल्यावर मी ती शेवटपर्यंत चाळली. मागच्या पानांवर स्वतःची उंची होती, हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. निवृत्तीच्या वर्षी १.६८२. शेवटची नोंद १.६६५, आकडे जरा थरथरलेले. आणि शेऱ्यात, धरणाचं बांधकाम किती खचलं ते लिहावं तसं : 'सेटलमेंट १७ मिमी. काळजीचे कारण नाही.'