पांढऱ्या गाडीसाठी पॉलिश आणि वॅक्स निवडताना

पांढरी किंवा चंदेरी गाडी असलेल्या माणसाला पॉलिश आणि वॅक्सबद्दल दुकानात जो सल्ला मिळतो, तो बहुतेक वेळा काळ्या गाडीला लागू पडणारा असतो. गडद रंगावर उजेड आरशासारखा परत येतो, त्यामुळे तिथे वॅक्सने येणारी खोली आणि ओलसर दिसणारी झळाळी डोळ्यांत भरते, आणि कपड्याने पडलेले गोल गोल बारीक चरेही तितकेच डोळ्यांत खुपतात. पांढऱ्या रंगात मात्र रंगद्रव्य स्वतःच बहुतेक उजेड चहूकडे परतवत असल्याने चरे फारसे दिसत नाहीत आणि महागड्या वॅक्सची खोलीही दिसत नाही. दिसते ती घाण. डांबराचे ठिपके, नारिंगी गंजाचे कण, दरवाज्यांच्या कडांखालून ओघळलेल्या काळपट रेषा आणि पत्र्यावर चढलेली पिवळट छटा हे पांढऱ्या गाडीचे खरे दुखणे आहे, आणि खर्चाचा क्रमही त्यावरूनच ठरवावा असे माझे मत आहे: आधी स्वच्छता, मग टिकाऊ संरक्षण, आणि पॉलिश गरजेपुरतेच.

पॉलिश आणि वॅक्स ही दोन अगदी वेगळी कामे आहेत, हे बाटल्यांवरील ‘वॅक्स पॉलिश’ अशा नावांमुळे लक्षात येत नाही. पॉलिशमध्ये अतिशय बारीक घासणारे कण असतात आणि ते रंगाचा वरचा थर किंचित झिजवून सपाट करतात, तर वॅक्स काहीही न काढता वर एक पातळ थर चढवते. आजच्या बहुतेक गाड्यांवर रंगाच्या वर जो पारदर्शक क्लिअर कोट असतो, त्याची जाडी साधारणपणे 40 ते 50 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते. यंत्राने केलेल्या प्रत्येक पॉलिशमध्ये त्यातील काही अंश कायमचा जातो, आणि उन्हातील अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला वाचवणारा थर तोच असल्यामुळे ही उधळपट्टी परवडणारी नसते. तरीही दर सर्व्हिसिंगला ‘रबिंग करून देतो, गाडी नवीकोरी दिसेल’ असा आग्रह होतो. एका कार्यशाळेत मी हा आग्रह नाकारला, तेव्हा मला गाडीची काळजीच नाही असे ऐकून घ्यावे लागले.

जुन्या साध्या पांढऱ्या गाड्यांची गोष्ट वेगळी आहे, कारण त्यांपैकी अनेकांवर क्लिअर कोट नसून रंगाचा एकच थर असतो. पांढऱ्या रंगातील टायटॅनियम डायऑक्साइडवर वर्षानुवर्षे ऊन पडत राहिले की रंग बांधून ठेवणारे राळद्रव्य हळूहळू विघटित होते आणि पृष्ठभागावर खडूसारखी भुकटी सुटते. गाडी कोणत्या प्रकारची आहे हे पाहण्यासाठी एखाद्या आडबाजूच्या जागी थोडे पॉलिश लावून कापडाने घासावे आणि कापडाला रंग लागतो का ते बघावे, असे सर्वत्र सांगितले जाते, पण पांढऱ्या गाडीला पांढरे कापड घेतले तर काहीच कळणार नाही. इथे काळे किंवा गडद निळे कापड घ्यावे, आणि पॉलिशही शक्यतो पांढरे नसावे. कापडावर पांढरा रंग आला, तर अशा गाडीला सौम्य पॉलिश किंवा साफ करणारे घटक असलेले ‘क्लीनर वॅक्स’ खरोखर उपयोगी पडते, कारण ती मेलेली भुकटी काढूनच टाकायची असते.

चंदेरी गाडीत रंगाच्या थरात ॲल्युमिनियमचे सूक्ष्म पापुद्रे असतात आणि त्यांच्यावर क्लिअर कोट असतोच, त्यामुळे तिथे कापडावर रंग आला तर ते धोक्याचे लक्षण समजून हात थांबवावा.

वॅक्स लावण्याआधीची सफाई हा खरा वेळखाऊ भाग आहे. गाडी शॅम्पूने धुऊन सुकल्यावर हातावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवून बॉनेटवरून आणि टपावरून अलगद फिरवावी. नुसत्या बोटांना न जाणवणारा खरखरीतपणा पिशवीतून स्पष्ट जाणवतो. हे रुतलेले कण बहुधा ब्रेकच्या धुळीतले, रेल्वेमार्गाजवळ उडणारे किंवा वेल्डिंगचे लोखंड असतात आणि पावसाळ्यात ते गंजले की पांढऱ्या रंगावर नारिंगी ठिपके उमटतात. लोखंड विरघळवणारा फवारा मारला की त्या प्रत्येक कणाभोवती जांभळा ओघळ सुटतो. त्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो, म्हणून हे काम उघड्यावर आणि हातमोजे घालून करावे, आणि फवारा पत्र्यावर सुकू न देता धुऊन टाकावा. डांबरासाठी वेगळे द्रावण मिळते. उरलेल्या खरखरीसाठी भरपूर शॅम्पूच्या पाण्यासोबत क्ले बार, म्हणजे रुतलेले कण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी, फिरवावा, आणि तो जमिनीवर पडला तर हळहळ न करता फेकून द्यावा, कारण त्यात घुसलेली वाळूच पुढे चरे पाडते.

बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्याने गाडी धुतली जात असेल, तर क्षारांचे डाग हा आणखी एक त्रास असतो. पाणी मिसळून सौम्य केलेला पांढरा व्हिनेगर थोडा वेळ लावून भरपूर पाण्याने धुतल्यास ताजे डाग निघतात. त्यासाठी थेट पॉलिशकडे वळण्याची गरज नसते.

आता वॅक्स. ‘कार्नाउबा’ हा शब्द डबीवर पाहून आपण चटकन भुलतो. ईशान्य ब्राझीलच्या कोरड्या प्रदेशातील एका ताडाच्या पानांवर पाणी वाचवण्यासाठी जो मेणाचा थर येतो, तेच हे मेण. ते वितळण्यासाठी 80 अंश सेल्सिअसहून अधिक तापमान लागते, परंतु डबीतील लेपात ते तेले आणि द्रावकांबरोबर मिसळलेले असते आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात रोज तापणाऱ्या बॉनेटवर तो थर काही आठवड्यांपलीकडे क्वचितच टिकतो. त्याची उबदार, किंचित पिवळसर झाक लाल किंवा काळ्या गाडीला शोभते. पांढऱ्या आणि चंदेरी रंगाला कृत्रिम पॉलिमरचे सीलंट (मेणाऐवजी वर चढवायचा संरक्षक लेप) अधिक मानवते, कारण त्याची चमक स्वच्छ आणि काचेसारखी असते आणि ते सहसा काही महिने टिकते. सिलिका असलेले फवारे लावायला आणखी सोपे पडतात. दुकानात ‘टेफ्लॉन’ असे सांगितले गेले, तर टेफ्लॉन सुमारे 327 अंशांना वितळते आणि रंगकामाच्या शेडमध्ये एवढे तापमान गाडीला देताच येत नाही, म्हणजे ते वितळून रंगावर बसू शकत नाही, एवढे लक्षात ठेवून किंमत ठरवावी.

लावण्याची पद्धत फिक्या गाडीसाठी थोडी बदलावी लागते. पांढऱ्या पत्र्यावर सुकलेले पांढरे वॅक्स दिसत नाही, आणि दुसऱ्या दिवशी उन्हात गाडी उभी केली की राहून गेलेले पट्टे धूळ धरून राखाडी दिसू लागतात. म्हणून सावलीत, पत्रा थंड असताना, एका वेळी दोन फूट लांबी-रुंदीचा भागच घ्यावा, थर शक्य तितका पातळ ठेवावा आणि पुसून झाल्यावर मोबाइलचा टॉर्च तिरका धरून तपासावे. दुकानात मिळणारे पिवळे फडके इथे नको. मायक्रोफायबरचे, कडांना जाड शिवण नसलेले कापड घ्यावे. काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर मास्किंग टेप लावण्याचा आळस करू नये, कारण तिथे सुकलेले वॅक्स महिनोन्महिने पांढरट डागांच्या रूपात राहते. पुढच्या काचेवर वॅक्स गेले तर पहिल्याच पावसात वायपर थरथरू लागतो.

बंपर बॉडीपेक्षा पिवळट दिसतो म्हणून अनेकजण त्यावर पॉलिशवर पॉलिश करत राहतात. प्लॅस्टिकचा बंपर वेगळा रंगवला जातो आणि पत्र्यापेक्षा कमी तापमानावर सुकवला जातो, त्यामुळे छटेतील थोडा फरक अनेकदा कारखान्यातूनच आलेला असतो आणि तो घासून जात नाही. दार किंवा फेंडर नुकतेच पुन्हा रंगवून घेतले असेल, तर त्या भागावर वॅक्स किंवा सीलंट लावण्याची घाई करू नये. ताज्या रंगातील द्रावक पूर्ण बाहेर पडायला वेळ लागतो, म्हणून किती दिवस थांबायचे ते रंगाऱ्याला विचारावे. सहसा एक ते तीन महिने सांगितले जातात, आणि तोपर्यंत त्या भागाला साधे पाणी आणि सौम्य शॅम्पू पुरेसा असतो.