हातानं चालवायचा मायटर ट्रिमर आणि जुन्या सागवानाच्या चार फ्रेमा: माझा अनुभव

फ्रेम करणाऱ्या कुणालाही विचारा त्रास कशाचा होतो, तो कोपराच दाखवणार. पट्टी कितीही भारी घ्या, पॉलिश कितीही मन लावून करा, पण कोपऱ्यात बारीकशी फट दिसली की बघणाऱ्याची नजर तिथंच अडकते. लांबी, म्हणजे पुट्टी, भरून फट बुजवतात बरेच जण, पण लांबी वर्षभरात काळी पडते आणि फट परत दिसायला लागते. मला ती फटच नको होती, आणि त्यासाठी जे काय केलं ते सगळं इथं लिहितोय, कारण मायटर ट्रिमर, म्हणजे कोपऱ्यातला 45 अंशाचा तिरका काप (मायटर) तासून अचूक करणारं मशीन, त्याबद्दल मराठीत मला कुठंच काही वाचायला मिळालं नाही.

काम असं होतं. आमच्या भागातल्या वाचनालयाला सोलापूरच्या चार हुतात्म्यांचे फोटो नवीन फ्रेमात पाहिजे होते. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे. 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी दिली या चौघांना, आणि सोलापूरकराला ही तारीख वेगळी सांगावी लागत नाही, त्यामुळं काम त्या दिवसाच्या आत व्हायला पाहिजे हे पण कुणी सांगायची गरज नव्हती. चारी फोटो एका मापाचे, एका ओळीत लागणार, म्हणजे एका फ्रेमचा कोपरा जरी कमीजास्त झाला तरी शेजारच्या फ्रेममुळं तो लगेच दिसणार. आणि या माणसांच्या फोटोला लांबी भरलेली फ्रेम लावायची हे मला पटणारच नव्हतं.

लाकूड दक्षिण कसब्यातला एक जुना वाडा पाडला त्यातलं, दाराच्या चौकटीचं सागवान. इतकी वर्षं सोलापूरचं ऊन खाल्लेलं लाकूड, आता ते फारसं हलणार नाही. वरचा काळा थर रंध्यानं काढला आणि आतून जो सोनेरी रंग निघाला ना, बघत बसावं असा. फक्त जुन्या लाकडात खिळे तुटून आत राहिलेले असतात, म्हणून प्रत्येक पट्टीवरून आधी लोहचुंबक फिरवलं. ट्रिमरच्या पात्याला एक खिळा लागला की धारेला खाच पडते आणि मग ती खाच प्रत्येक कापावर रेघ बनून उमटते.

आता ट्रिमर म्हणजे काय ते सांगतो. परदेशात लायन ट्रिमर या नावानं हा प्रकार जास्त ओळखतात. ओतीव लोखंडाचा बेड असतो, त्यावर एक कॅरेज सरकतं, कॅरेजच्या दोन्ही टोकांना एकेक रुंद पातं, आणि वर लांब दांडा. दांडा एकीकडं ओढला की एका बाजूचं पातं लाकडाच्या टोकावरून जातं, दुसरीकडं ओढला की दुसऱ्या बाजूचं. दोन्ही बाजूंना फेन्स, म्हणजे लाकूड टेकवून धरायचा आधार आहे, तो 45 पासून 90 अंशापर्यंत कुठंही फिरवून बसवता येतो. पात्याची धार उभी सरळ नसते, थोडी तिरकी असते, त्यामुळं ते लाकूड ठेचत नाही, सुरीनं कापल्यासारखं कापत जातं. वीज नाही, आवाज नाही, धूळ नाही, रात्री अकरा वाजता पण शेजाऱ्याला त्रास न देता काम करता येतं. फ्रेमच्या मोठ्या दुकानांत पायानं दाबायचं मशीन असतं, डेन्मार्कच्या मोर्सोचं प्रसिद्ध आहे, ते दोन पात्यांनी एकदम दोन्ही बाजूंचा मायटर पाडतं, पण ते माझ्यासारख्या नोकरी सांभाळून काम करणाऱ्याला झेपणारं नाही, किमतीनं पण आणि जागेनं पण.

माझं मशीन कोल्हापूरकडून आलं. शिरोली एमआयडीसीत एक पॅटर्न शॉप बंद होत होतं, फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्याचे नमुने करणाऱ्या लोकांकडं हे ट्रिमर असायचे, कारण त्यांना लाकडाचा प्रत्येक तुकडा अगदी मापात आणि कोनात लागतो. मेव्हण्याच्या टेम्पोत घालून घरी आणलं. गंज होता भरपूर. रॉकेल, तारेचा ब्रश आणि चिकाटी, यापलीकडं त्याच्यात सांगण्यासारखं काही नाही.

पात्यांचं मात्र सांगण्यासारखं आहे. एक पातं मी धार लावायला एका ठिकाणी दिलं होतं, त्यांनी ते ग्राइंडरवर कोरडंच धरलं आणि एक टोक निळं करून परत दिलं. पोलाद निळं पडलं म्हणजे त्याचं पाणी उतरलं, तिथं धार टिकतच नाही, दोन कापात बोथट. मग ते निळं टोक जाईपर्यंत मी पातं घरी दगडावर घासलं, पाणी मारत मारत, हाताला गरम लागता कामा नये एवढंच बघत. मूळचा उतार होता तोच ठेवला. पाठ जाड काचेवर ओला पॉलिश पेपर चिकटवून सपाट केली, 400, मग 800, मग 1500, शेवटी चामड्यावर हिरवी पेस्ट. पाठ सपाट असणं फार महत्त्वाचं आहे, धार उतारामुळं येते असं वाटतं पण पाठीवर खड्डा असेल तर धार सरळ येतच नाही.

धार आली का ते बघायला पाईनवूडचा तुकडा घ्यायचा. सागवान घट्ट, ते बोथट पात्यानं पण बऱ्यापैकी कापलं जातं आणि आपली फसगत होते. पाईन मऊ, त्याचे तंतू बोथट पात्याखाली दबतात आणि काप खरबरीत, पांढरट येतो. धार बरोबर असली की पाईनचं टोक पण चकचकीत येतं, वर्षाची वलयं मोजता येतील इतकं स्वच्छ.

आमच्या गल्लीत एक म्हातारे सुतार आहेत, सगळे त्यांना मामाच म्हणतात. त्यांनी हयातभर रंधा आणि पटाशीवर कोपरे जुळवलेत. मशीन बघायला आले, दांडा दोन-तीनदा हलवून बघितला, खाली पडलेली ढलपी उचलून उजेडाला धरली आणि म्हणाले, "मालक, कापायचं काम करवतीला द्या. ह्याच्याकडनं फक्त दाढी करून घ्या."

या मशीनबद्दल यापेक्षा नेमकं बोलणं मी ऐकलेलं नाही. खूप लोकांना वाटतं दांडा ओढला की पट्टी कापली जाते. तसं करायला गेलं तर पातं वळतं, लाकूड फेन्सवरून सरकतं आणि खालची कड फाटते. आधी करवतीनं 45 च्या आसपास कापून घ्यायचं, अर्धा सूत (साधारण दीड मिलिमीटर) जास्त ठेवून, आणि मग ट्रिमरनं एकेक पातळ ढलपी काढत रेषेपर्यंत जायचं. ढलपी कागदासारखी निघाली पाहिजे आणि अख्खी निघाली पाहिजे. शेवटची तर इतकी पातळ की तिच्यातून वर्तमानपत्राची अक्षरं दिसावीत. करवतीनं जे कधीच जमत नाही ते इथं जमतं, म्हणजे केसाएवढं अजून काढायचंय आणि तेवढंच काढता येतं.

आता कोनाचं. थोडा हिशोब आहे पण समजून घ्या, कारण सगळी गोम इथंच आहे. चार कोपरे म्हणजे आठ काप. प्रत्येक काप अर्धा अंश चुकला आणि सगळे एकाच बाजूला चुकले तर एकूण 4 अंश होतात. तीन कोपरे दाबून जुळवले तर सगळी चूक चौथ्यात जमा होते. माझी पट्टी दोन इंच रुंद, म्हणजे तिरका काप जवळपास 72 मिलिमीटरचा, तिथं 4 अंश म्हणजे टोकाला 5 मिलिमीटर फट. आणि चूक चारी कोपऱ्यात सारखी वाटली तरी प्रत्येकी सव्वा मिलिमीटर. अर्धा अंश डोळ्याला दिसत नाही, सव्वा मिलिमीटर फट मात्र दारातून दिसते.

म्हणून फेन्स कंपासपेटीतल्या कोनमापकावर बसवून भागत नाही. मी असं केलं: टाकाऊ पट्टीचे दोन तुकडे घेतले, एक डाव्या फेन्सवर कापला, एक उजव्या, दोन्ही जुळवून आत गुण्या (काटकोन बघायचं साधन) लावला आणि ट्यूबलाइटकडं धरून बघितलं. बाहेरच्या टोकाला उजेड दिसला तर दोन्ही कोनांची बेरीज 90 पेक्षा जास्त, आतल्या बाजूला दिसला तर कमी. यात एक चांगली गोष्ट अशी की प्रत्येक कोपऱ्यात एक तुकडा डावीकडचा आणि एक उजवीकडचाच येतो, त्यामुळं दोन्ही फेन्स सुटे सुटे अगदी 45.00 वर असायलाच पाहिजेत असं नाही, दोघांची बेरीज 90 झाली पाहिजे. डावा किंचित जास्त असेल तर उजवा तेवढाच कमी करा, सांधा बसतो. मी डावा फेन्स बोल्टनं पक्का केला आणि जे काय जुळवायचं ते फक्त उजव्यावर, फेन्स आणि स्टॉपरच्या मधे कागदाची पट्टी घालून. साधा वहीचा कागद, एकाचे दोन, दोनाचा एक. उजेड दिसायचा बंद झाला तेव्हा मी तो तुकडा मामांना नेऊन दाखवला, त्यांनी नख फिरवून बघितलं आणि नुसती मान डोलावली.

कोन जुळला तरी अर्धंच काम झालं. समोरासमोरच्या पट्ट्या लांबीला तंतोतंत सारख्या पाहिजेत, नाहीतर कोन बरोबर असून पण शेवटचा कोपरा मिटत नाही. टेपनं मोजून हे होत नाही, टेपवर डोळा कुठं धरला त्यावर माप बदलतं. दोन्ही पट्ट्या पाठीला पाठ लावून उभ्या करायच्या आणि टोकावरून बोट फिरवायचं, बोटाला जी पायरी लागते ती डोळ्याला कधीच दिसत नाही. मग जी मोठी आहे तिची एक ढलपी. माझ्याकडं आठ उभ्या आणि आठ आडव्या होत्या, सगळ्या एका लाकडी स्टॉपरला टेकवून काढल्या, तरी शेवटी बोट फिरवून एखादी ढलपी काढावीच लागली.

फाटण्याचा त्रास दोन ठिकाणी होतो. एक, पातं जिथून बाहेर पडतं ती मागची कड. तिथं फेन्सला टाकाऊ लाकडाची पट्टी लावून घ्यायची म्हणजे कडेला आधार मिळतो. दुसरं, काच बसायची जी मागची खाच असते, तिथं पट्टीच्या ओठाखाली पोकळ असतं आणि पातं आलं की तो ओठ तुटतो. खाचेच्या मापाची चीप कापून तिच्यात बसवली, मग कापलं, एकदम स्वच्छ. सागवानात बारीक वाळूसारखं सिलिका असतं त्यामुळं धार लवकर जाते, दर दोन-तीन पट्ट्यांनंतर पातं चामड्यावर फिरवत होतो. एमडीएफची पट्टी या मशीनवर घालूच नका असं माझं स्पष्ट मत, ती चुरते आणि धार खाऊन टाकते.

आणि बोटं. पाती दोन्ही बाजूंना उघडी असतात आणि आपलं लक्ष ढलपीकडं असतं. लाकूड धरलेला हात फेन्सच्या मागंच ठेवायचा, ढलपी हातानं उचलायची नाही, ब्रशनं. काम झालं की दांडा सुतळीनं बांधून टाकायचा, घरात लहान पोरं असतील तर आधी ते आणि मग चहा.

चिकटवताना सागवान तेलकट असतं हे ध्यानात ठेवा, कापलेलं तोंड थिनरनं पुसून घेतलं. शिवाय मायटर म्हणजे लाकडाचं टोकच, ते फेविकॉल पिऊन टाकतं. म्हणून आधी पातळ केलेल्या फेविकॉलचा एक हात, थोडं थांबून मग नेहमीचा. चारी कोपऱ्यांवर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळली, दोन्ही कर्ण मोजले, सारखे आले की हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी प्रत्येक कोपऱ्यात तिरकी करवतीची खाच पाडून शिसमची पातळ चकती ठोकली, ताकद तिच्यामुळं येते आणि सोनेरी सागवानात ती काळपट रेघ दिसते पण छान.

इथल्या हवेचा मुद्दा राहिला. लाकूड रुंदीला आकसतं आणि फुगतं, लांबीला जवळपास नाही, त्यामुळं कोरड्या उन्हाळ्यात मायटर आतल्या बाजूनं उघडू बघतो आणि पावसाळ्यात बाहेरच्या टोकाला. पट्टी जितकी रुंद तितकं हे जास्त. मेमध्ये इथं पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा बाहेरगावचं ओलसर लाकूड आणून लगेच फ्रेम केली तर कोपरा उघडणारच, मग काप कितीही बरोबर असो. पट्ट्या घरात महिनाभर तरी उभ्या करून ठेवाव्यात. माझं लाकूड इथलंच आणि जुनं, म्हणून ते एक टेन्शन नव्हतं.

फ्रेमा 12 तारखेच्या आधी लागल्या. चारी एका ओळीत, खालून दोरी धरून बघितली.

आता वाचनालयाला अष्टकोनी फ्रेमचं घड्याळ पाहिजे. त्याला फेन्स 67.5 वर लावावा लागतो आणि आठ कोपऱ्यांचे सोळा काप होतात, म्हणजे पाव अंशाची चूक पण शेवटी 4 अंशावर जाते. टाकाऊ पट्ट्यांवर कागद घालून बघणं चालू केलंय.