तुम्ही विचारलंत म्हणून: मुलं कॉलेजला गेली, तरी ओव्हरराइडला ‘येस’ का?

मंडळाच्या कार्यक्रमात, पॉटलकला, देसी ग्रोसरीच्या लायनीत, कुठेही भेटलं की हल्ली हेच विचारतात. “अगं, तुझी दोन्ही मुलं कॉलेजला गेली, आता शाळांच्या खर्चासाठी आपलाच प्रॉपर्टी टॅक्स वाढवणाऱ्या ओव्हरराइडला तू मत कशाला देतेस, आणि वर आम्हालाही द्या म्हणतेस?” घाईघाईत नीट उत्तर देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

आधी हे मत द्यायची वेळच का येते ते सांगते, कारण मॅसॅच्युसेट्समध्ये नवीन घर घेतलेल्या बऱ्याच जणांना हे कुणी सांगितलेलंच नसतं. १९८० च्या नोव्हेंबरमध्ये इथल्या मतदारांनीच ‘प्रपोझिशन टू अँड अ हाफ’ पास केलं. त्याआधी दोनच वर्षं कॅलिफोर्नियात प्रॉपर्टी टॅक्सला लगाम घालणारं प्रॉप १३ झालं होतं, तीच हवा इथेही आली. नियम असा की गावाने प्रॉपर्टी टॅक्समधून गोळा करायची एकूण रक्कम वर्षाला अडीच टक्क्यांहून जास्त वाढवायची नाही, नवीन बांधकामातून जे येईल ते वेगळं. ही मर्यादा गावाच्या एकूण वसुलीवर आहे हां, तुमच्या-माझ्या बिलावर नाही, त्यामुळे आपल्या घराची किंमत इतरांपेक्षा जास्त वाढली तर आपलं बिल अडीच टक्क्यांपेक्षा जास्तही चढू शकतं, आणि मग लोक म्हणतात की कायदा मोडला, पण तसं नसतं.

आता शाळेचा खर्च अडीच टक्क्यांत बसतो का? नाही बसत. हेल्थ इन्शुरन्स वाढतो, बसचं कॉन्ट्रॅक्ट वाढतं, ज्या मुलांची गरज आपल्या शाळेत भागत नाही त्यांना बाहेरच्या स्पेशल शाळेत पाठवायचं तर त्याची फी डिस्ट्रिक्टने भरायची असते, आणि ती भरलीच पाहिजे. स्टेटची मदत आमच्यासारख्या बऱ्या परिस्थितीतल्या गावांना कमी मिळते, म्हणजे मुख्य भार घरांवरच. दरवर्षी थोडी थोडी तूट साठत जाते आणि काही वर्षांनी गाव मतदारांकडे येतं की मर्यादा ओलांडायची परवानगी द्या. यालाच ओव्हरराइड म्हणतात. त्यामुळे ‘मागितलं म्हणजे उधळपट्टी केली असणार’ हे मला पटत नाही. काटकसरीने चालणाऱ्या गावालाही कधी ना कधी मागावंच लागतं, कायद्याची रचनाच तशी आहे.

पैशाचं म्हणाल तर समजा गावातल्या सगळ्या मालमत्तेची किंमत मिळून १० अब्ज डॉलर आणि ओव्हरराइड ५० लाखांचा, तर हजार डॉलर किमतीमागे ५० सेंट पडतात, म्हणजे ७ लाखांच्या घराला वर्षाला ३५० डॉलर. आणि हे एकदाचं नाही, ते कायमचं बेसमध्ये जातं, पुढची अडीच टक्के वाढ त्याच्यावर धरली जाते. हे मी कुणापासून लपवत नाही.

पण बॅलटवर काय लिहिलेलं असतं ते बघितलंय का? अमुक गावाला अमुक वर्षाच्या १ जुलैपासून रिअल इस्टेट आणि पर्सनल प्रॉपर्टी टॅक्समधून अमुक कामासाठी अमुक इतके जादा डॉलर आकारायची परवानगी द्यावी का, येस की नो, बस्स. रक्कम आणि ढोबळ हेतू, एवढंच. ‘नो’ आलं तर काय जाणार हे त्या कागदावर कुठेच नसतं. आणि जातं ते ठराविकच: लायब्ररीतली मदतनीस, चौथीची व्हायोलिनची शिकवणी, मागे पडलेल्या मुलाला वाचायला बसवणारी रीडिंगची बाई. शिवाय ज्या शिक्षकांची पहिली तीन वर्षं पूर्ण झालेली नसतात त्यांना पुढच्या वर्षी ठेवणार नसतील तर १५ जूनपर्यंत तसं पत्र द्यावं लागतं, म्हणजे बजेटच्या कात्रीत पहिली सापडतात ती हीच तरुण मंडळी. एकदा दुसरीकडे नोकरी लागली की ती परत येत नाहीत.

२०२३ च्या मार्चमध्ये बॉस्टनजवळच्या न्यूटनमध्ये तीन प्रश्न एकाच दिवशी मतदानाला होते. दोन शाळांच्या इमारतींसाठीचे डेट एक्सक्लुजन, म्हणजे कर्ज फिटेपर्यंतच लागणारा जादा टॅक्स, ते दोन्ही पास झाले. रोजच्या खर्चासाठीचा साधारण ९२ लाखांचा ओव्हरराइड मात्र पडला. इमारत दिसते हो, तिचा फोटो काढता येतो, पण वर्गात २१ च्या जागी २६ मुलं बसली तर ते रस्त्यावरून जाताना कुणाला दिसत नाही. माझं मत नेमकं या न दिसणाऱ्या गोष्टीसाठी असतं. माझी मुलं त्या वर्गात नाहीत म्हणून तो वर्ग माझा नाही, असं मला वाटत नाही.

विरोध करणाऱ्यांना मी स्वार्थी समजते का, तर अजिबात नाही. आमच्या शेजारच्या आजी एकट्या राहतात, सोशल सिक्युरिटीच्या सरकारी पेन्शनवर घर चालतं, त्यांच्यासाठी ३५० डॉलर ही मोठी रक्कम आहे आणि त्या ‘नो’ म्हणाल्या तर मी वाद घालत नाही. त्यांच्यासोबत बसून सर्किट ब्रेकर क्रेडिटचा फॉर्म भरते, ६५ च्या पुढच्यांना स्टेटकडून मिळतं ते, उत्पन्नाच्या अटीत बसलात तर टॅक्स लागत नसला तरी पैसे परत येतात. आपल्याकडे आईवडील सोबत राहतात तशी सोय इथल्या अशा एकट्या बायकांना नसते. मला खरा राग आहे तो याचा की ज्या गावात घरं महाग तिथे ओव्हरराइड पास होतो आणि जिथे गरज जास्त तिथे मागायचीच हिंमत होत नाही. हे गावागावाने मतदान करून सुटणारं नाही, ते स्टेटनेच करायला हवं.

भारतातले नातेवाईक विचारतात, लोक स्वतःहून टॅक्स वाढवतात हे खरं का? खरं आहे. पुण्यात बाबांच्या मिळकतकराच्या बिलातही शिक्षण कर असतोच, राज्याचा तो १९६२ च्या कायद्याने आलेला आहे, फक्त तो वाढवू का म्हणून बाबांना कधी कुणी विचारलेलं नाही. इथे विचारतात, तर मी उत्तर देते.

आणि एच-वन व्हिसा किंवा ग्रीन कार्डवाल्यांनो, तुम्ही टॅक्स पूर्ण भरता आणि मत मात्र नाही, हे मलाही अन्याय्य वाटतं. काही गावांनी नागरिक नसलेल्यांना गावापुरतं मत द्यावं म्हणून स्टेटकडे मागणी केली, अजून ती मान्य झालेली नाही. पण स्कूल कमिटीच्या बजेट हिअरिंगला कुणालाही जाता येतं, बोलताही येतं, पासपोर्ट कुणी विचारत नाही. नवीन सिटिझन झालेल्यांनी निवडणुकीच्या १० दिवस आधी नाव नोंदवलेलं असलं पाहिजे. गावच्या निवडणुकीला येतात मूठभर लोक, फरक शेकड्यांत असतो, कधी त्याहूनही कमी. तुमच्या गावाचं बजेट वाचताना कुठे अडलात तर मला फोन करा, रात्री नऊनंतर मी मोकळीच असते.