एक रात्र जागलं तर काय होतं?

अनंत चतुर्दशी जवळ आली की सोसायटीतलं कुणी ना कुणी विचारतंच, "मिरवणूक खरी रंगते रात्री, तेव्हा तुम्ही घरी कसे? एक रात्र जागलं तर काय होतं?" आजवर गुडघ्यावर ढकलत आलो. गुडघे ठणठणीत आहेत. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, मला बायपोलर आहे, म्हणजे मूड कधी नको इतका चढतो, कधी पार खाली जातो, असा आजार.

अकरा वर्षांपूर्वी मी ढोल पथकात होतो. रात्री बाराला वादन थांबलं, तरी सहापर्यंत लक्ष्मी रोडवरच. उजाडताना बाकीचे पेंगत होते, मी टवटवीत. पुढच्या रात्री तीन तास झोपलो, त्याच्या पुढच्या रात्री दोन. थकवा औषधालाही नाही. इथेच लोकांची गल्लत होते. झोप न येणं वेगळं, त्यात माणूस वैतागतो. झोपेची गरजच नाही असं वाटणं वेगळं, ते फार सुंदर असतं. पहाटे चारला मी हॉलची भिंत रंगवायला घेतली होती. पुढचं बायकोला विचारा. नको, विचारू नका.

जागरण हे आजाराचं लक्षण असतं, तसं कारणही. मेंदूत डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात, त्याच्या जरा वर सुमारे 20,000 पेशींचा पुंजका आहे. तेच शरीराचं घड्याळ. त्याचा दिवस 24 तासांहून किंचित मोठा, त्यामुळे सकाळच्या उजेडाने ते रोज लावावं लागतं, पूर्वी रेडिओच्या बातम्यांवर घड्याळं लावायचे तसं. रात्रीच्या लखलखाटाने मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाल्याचं शरीराला सांगणारं संप्रेरक, दबतं आणि घड्याळ मागे पडतं. तुमचं दोन दिवसांत ताळ्यावर येतं. माझं भरकटलं की मूडलाही ओढून नेतं.

गोळ्या आहेतच. शिवाय रोजच्या वेळा हलू नयेत म्हणून समुपदेशक बाईंनी वही लावून दिली आहे : उठलो कधी, पहिल्यांदा कुणाशी बोललो कधी, काम सुरू कधी, रात्रीचं जेवण कधी, आडवा झालो कधी. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ एलन फ्रँक यांनी बायपोलरसाठी बसवलेल्या उपचारातली ही पद्धत. माझं पहिलं बोलणं बहुधा दूधवाल्याशी, 6:20 ला, आणि तेही सुट्ट्या पैशांवरून. दुपारची झोप बंद. पुणेकराला ही शिक्षा जरा जास्तच आहे.

तेव्हा यंदा रात्री निघताना माझी बेल वाजवू नका. सकाळी मंडईत टिळक पुतळ्यापाशी कसबा गणपती निघतो, तिथे मी असतो. चहाचा थर्मास माझ्याकडे.